अक्षराचा कोपरा

थ्री कँडल, मोंटाना
९ एप्रिल १९६७

लव्हडे,

पाकिटावरचं हे कोंबडीच्या पायांसारखं अक्षर तू लगेच ओळखशील आणि पत्र केराच्या डब्यात टाकशील. टाक. पण आधी एवढी एक ओळ वाच: तुरुंग पाडत नाहीयेत!

आता वाचलीच आहेस तर पुढचंही वाच. गेल्या वर्षी काउंटीच्या लोकांनी ठरवलं होतं की आपला तुरुंग पाडायचा आणि तिथे गाड्या उभ्या करायला जागा करायची. गाड्या! खाण बंद होऊन अकरा वर्षं झाली. गावात आता दोनशे म्हातारे आणि एक पोस्टमास्तर. त्या सभेला मी गेले. माझी शाळा तिसरीत सुटली हे तुला माहीत आहे, पण उभी राहिले आणि म्हटलं, "माझे बाबा इथले जेलर, मी या तुरुंगात जन्मले. माझी बहीण इथेच जन्मली. एखाद्याचं जन्मघर पाडायचं तर निदान त्याला विचारा तरी." टाळ्या पडल्या. खरंच पडल्या, रूबीला विचार. रूबी म्हणजे माझी नात, तू तिला पाहिलेलंच नाहीस. सोळा वर्षांची आहे आणि दिवसभर माझ्या चुका काढते. हे पत्र मी तिला दाखवणार नाही.

तर आता तिथे म्युझियम होणार. चोवीस जूनला उघडणार, आपल्या खाणवाल्यांच्या मिडसमरच्या सुट्टीला. शाळेतल्या हॅल्व्हर्सन बाई तुरुंगाचा इतिहास लिहितायत. आणि तो कोणाला विचारून? मला विचारून! रोज चारला वही घेऊन येतात, दोन केक खातात, आणि मी बोलत सुटते. बाई कॉलेजात शिकल्यात, पण त्यांना गावाच्या नावाचा अर्थ माहीत नव्हता. मी सांगितलं, खाणीतली पाळी तीन मेणबत्त्या जळेपर्यंत चालायची, म्हणून थ्री कँडल. त्यांनी ते दोनदा अधोरेखित केलं.

पहिल्या कैद्याचंही सांगितलं. बाबा सांगायचे ना, खाणीतून निघालेला दगड वाहून माणसांनी आपल्याच हातांनी भिंती रचल्या, आणि शेवटचा दगड बसला त्या संध्याकाळी गवंडी आनंदाने इतका प्यायला की पहिला आत गेला तोच. सकाळी शेरीफने विचारलं, "कसं वाटतंय?" तर म्हणाला, "उत्तरेकडचा कोपरा जरा गार आहे, बाकी काम चोख."

आणि नाताळचा टेनर! त्या वर्षी आत बसलेल्यांत सगळे जाड्या आवाजाचे, कॅरल म्हणायची तर वरचा सूर लावायला कोणी नाही. बाबांनी विल्यम चेनोवेथला निरोप धाडला, "बिल, बघ बाबा, काहीतरी कर." बिलने दुपारी दुकानाची एक काच फोडली आणि संध्याकाळी कॅरलला वेळेवर हजर. बाई इतक्या हसल्या की केक नाकात गेला.

शाळेत आपल्याला "जेलवाल्या पोरी" म्हणायचे, आठवतं? तू रडायचीस. मी मात्र म्हणायचे, अख्ख्या गावात दगडी घर कोणाचं आहे? तुमची सगळ्यांची लाकडाची खोकी. अजूनही तेच म्हणते.

कुठून कुठे गेले बघ. मुद्दा असा की भिंतीवर पितळेची पाटी लागणार आहे आणि तिच्यावर आपल्या बाबांचं आणि आईचं नाव असणार आहे: एझ्रा पेंगेली आणि थर्झा पेंगेली. सतरा सालच्या त्या दिवसासाठी. त्या स्वयंपाकघरातल्या आता आपण दोघीच उरलो, लव्हडे. चोवीस जूनला ये.

एकोणीस वर्षं झाली. आईला पोचवून आलो, तू तुझा कप विसळलास, पालथा घातलास आणि गेलीस. का गेलीस ते तुझं तुला ठाऊक. मी काही म्हणत नाही.

तुझी, नको असले तरी,
केझी


२ मे १९६७

लव्हडे,

तुझं उत्तर नाही. हरकत नाही, आपले पोस्टमास्तरही आता हळू चालतात.

हॅल्व्हर्सन बाईंना पेस्टीच माहीत नाही! म्हणजे दुकानातली खाल्लीय, पण अक्षराची नाही. मी त्यांना चुलीपाशी उभं केलं आणि करून दाखवली. पारी लाटली, मांस, बटाटा, कांदा, सलगम भरलं, दुमडून कडेला मुरड घातली. मग कणकेची सुतळीएवढी वळी करून डाव्या कोपऱ्यात अक्षर चिकटवलं. त्या म्हणाल्या, "हे शोभेसाठी का?" अगं, शोभेसाठी! मी म्हटलं, बाई, खाली खाणीत, अंधारात एका फळीवर वीस डबे असतात. दुसऱ्याच्या अक्षराला तोंड लावणं म्हणजे त्याच्या ताटात हात घालणं. खायला सुरुवात उजवीकडून करायची आणि अक्षर शेवटपर्यंत राखायचं. फळीवर अक्षराचा कोपरा दिसला तर तो कोणी उचलायचा नाही. ज्याचा आहे तो परत यायचा असतो.

मग त्या म्हणाल्या, "आता तो दिवस सांगा." मी सांगितला, कसा सांगितला ते तुलाही लिहिते. तू तेव्हा सात वर्षांची होतीस, मी नऊची. मला जास्त आठवतं.

संपाचा उन्हाळा. सभेतून पंधरा माणसं धरून आणलेली. त्यातला एक डिगरी रूल, बाहेरगावहून आलेला, भाषणं करणारा. कंपनीला तो हवा होता, पण त्याचा चेहरा इथे कोणी पाहिलेला नव्हता. पंधराही जणांनी वहीत भलतीच नावं सांगितली, बाबांनी तीच लिहून घेतली. हा रूल झाला जॉन बेल. पण आईने नेहमीसारखं गजापाशी जाऊन विचारलं, "अक्षर काय रे तुझं?" आणि तो वेडा बोलून गेला, "आर." सरकारला खोटं नाव सांगणारा माणूस, पण पेस्टीला खोटं अक्षर सांगायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही. असा घोळ आपल्याच माणसांनी घालावा.

चार दिवस तो आरची पेस्टी खात होता. पाचव्या दिवशी सकाळी कॅप्टन हॉस्किंग आला. खाणीचा मुकादम, पण आपल्यातलाच, त्याच्या आईनेही त्याला अक्षराच्याच पेस्ट्या घातलेल्या. बाबांना म्हणाला, "एझ्रा, रूल माझ्या हवाली कर."

"वहीत रूल नाही," बाबा म्हणाले. खरंच नव्हता.

"बरं. मग बाराला येतो, आठ माणसं घेऊन. थर्झाच्या पेस्ट्या बघायच्यात. खायच्या नाहीत, नुसत्या बघायच्या."

दुसऱ्या एका गावातून असाच एक भाषणवाला नेला होता त्यांनी. मागे त्याचा एक बूट सापडला, बाकी काही नाही. हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

आई स्वयंपाकघरात सगळं ऐकत होती. पंधरा पेस्ट्या पाटावर, अक्षरं लावून तयार. आईने आपल्या दोघींकडे बघितलं. मग सुरी घेतली आणि एकेक अक्षर खरवडून काढलं. नवी कणीक वळली. जीभ दातांत धरून एकापाठोपाठ एक लावत गेली, पंधराच्या पंधरा: पी, पी, पी. आपल्या घराचं अक्षर, पेंगेलीचा पी. आणि भट्टीत सारल्या.

बाराला कॅप्टन आला. बाबा लोखंडी दारापाशी उभे, किल्ल्या कमरेला. "न्यायाधीशाचा कागद आण, दार उघडतो. तोवर बाहेरून बघ." कॅप्टन गजांमागून एकेकाच्या हातात बघत गेला. आईनो लाहती आठवतो? फिनलंडचा, आपली भाषा धड येत नव्हती त्याला. कॅप्टनने विचारलं, "नाव काय तुझं?"

"पेंगेली," आईनो म्हणाला.

"तू? पेंगेली?"

"चुलत," म्हणाला. तो शब्द कोणी शिकवला देव जाणे.

आत हसण्याचा एकच गदारोळ झाला. कॅप्टन तांबडालाल. "थर्झा, हा काय चावटपणा आहे?"

आणि आपली आई, जी चर्चमध्येसुद्धा मान वर करून बोलायची नाही, हात पुसत बाहेर आली. म्हणाली, "कॅप्टन, या छपराखाली जो जेवतो तो माझ्या घरचा. यातला तुला कोणता हवाय तो मला बोट दाखवून सांग."

त्याला सांगता येईना. दोनच्या गाडीने न्यायाधीश आले, जॉन बेलवर काही आरोपच नव्हता, संध्याकाळी तो बाकीच्यांबरोबर सुटला. जाताना त्याने पीचा कोपरा स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला. आईने तो कोणाला उचलू दिला नाही. उंदरांनी नेला ती गोष्ट वेगळी. दोन वर्षांनी आपलं नवं घर शोधत येऊन त्याने टोपी काढून विचारलं, "बाई, माझा कोपरा आहे का?" आणि आईने त्याला अख्खी पेस्टी वाढली.

हे सांगताना मी रडले, बाई रडल्या, दोघींनी अजून एकेक केक खाल्ला.

पाटीवरचा मजकूर सोबत पाठवतेय, रूबीने नकलून दिलाय. छान आहे. त्यात एक ओळ अशी आहे: "कैद्याचे खरे अक्षर जेलरच्या धाकट्या मुलीच्या तोंडून अजाणता बाहेर पडले." बाईंनी ते गावातून ऐकलं, गावात सगळे तसंच सांगतात. तुझं नाव काही घातलेलं नाही. सात वर्षांचं पोर ते, कोण दोष देणार? वाचताना वाईट नाही दिसत. मला तरी नाही वाटलं.

चूल बघायला हवी, थांबते.

केझी


२९ मे १९६७

लव्हडे,

ती रिबन माझी होती.

ही ओळ लिहायच्या आधी चार कागद फाडले. रूबी म्हणाली, "आजी, कागद काय झाडाला लागतात?" मी म्हटलं, "झाडाचेच होतात," आणि तिला बाहेर पिटाळलं.

माझं मागचं पत्र मी पुन्हा पुन्हा आठवून बघतेय. सगळं सांगितलं, कॅप्टन तांबडा झाला तेसुद्धा, आणि कॅप्टनला कळलं कसं ते गिळून टाकलं. पन्नास वर्षं असंच गिळतेय.

आदल्या दिवशी आईने मला मीठ आणायला कंपनीच्या दुकानात पाठवलं होतं. कॅप्टन तिथे टेकून उभा होता. म्हणाला, "एझ्राची पोर ना तू? शाळेत जातेस का नुसती भांडी घासतेस?" मला ते झोंबलं. त्याच महिन्यात मी अक्षरं शिकले होते, पेस्ट्यांवरूनच शिकले होते. म्हटलं, "मला वाचता येतं." त्याने साखरेच्या पोत्यावर बोट ठेवलं, मी वाचलं. चहाच्या डब्यावर ठेवलं, वाचलं. मग त्याने काही विचारलं नव्हतं, लव्हडे, काहीच विचारलं नव्हतं. मीच म्हणाले, "आमच्या पंधराही पेस्ट्या मी वाचते. एकाचं वहीतलं नाव दुसरंच आहे, पण त्याचं अक्षर आर. मीच शोधून काढलं."

तो हसला नाही. निळी रिबन कापून दिली. "हुशार मुलीला," म्हणाला. मला त्यानंतर हुशार कोणी म्हटल्याचं आठवत नाही.

घरी येईपर्यंत काहीतरी चुकलंय एवढं कळलं. रिबन फेकवेना, ठेवताही येईना. मग मी ती तुझ्या वेणीला बांधली. तू केवढी नाचलीस! संध्याकाळभर शेपूट उडवत हिंडलीस.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, पेस्ट्या पाटावर असताना, आईने आपल्याकडे बघितलं ते नुसतं बघितलं नव्हतं. विचारलं होतं, "केझी, आर कोणाला ठाऊक होता?" मी तुझ्या वेणीकडे बघितलं. बाबा दारात होते, त्यांनीही बघितलं.

ते तुला कधी रागावले नाहीत. पण पुढच्या आठवड्यात त्यांची नोकरी गेली, आपलं दगडी घर गेलं, ते पुन्हा खाणीत उतरले, आणि नऊ वर्षांत धुळीने त्यांची छाती खाल्ली. त्या सगळ्या वर्षांत त्यांनी तुला मांडीवर घेतलं नाही. मला घेत होते. तू मोठी होत गेलीस आणि तुला वाटत गेलं की बोललीच असशील तू.

आईला कळलं होतं. शेवटच्या आजारात म्हणाली, "निळा रंग तुला आवडायचा, तिला लाल." आणि म्हणाली, "तिला सांग." मी हो म्हटलं. मग आईला पोचवून आलो, तू स्वयंपाकघरात कप हातात घेऊन विचारलंस, "केझी, मी खरंच बोलले होते का गं? मला तर काहीच आठवत नाही." आणि मी, एक्केचाळिसावं वर्ष चालू असलेली बाई, म्हणाले, "तू लहान होतीस, जाऊ दे."

तू कप विसळलास.

तू का गेलीस ते तुझं तुला ठाऊक असं मी एप्रिलमध्ये लिहिलं. ते मलाही ठाऊक होतं.

पाटी परवा पितळेवर कोरायला जाणार आहे. उद्या सकाळी हॅल्व्हर्सन बाईंच्या शाळेत जाते. पहिला तास चालू असला तरी जाते.

केझी


२५ जून १९६७

लव्हडे,

काल झालं. तू नव्हतीस, पण तुला सगळं सांगते, कारण असा दिवस या गावाने चाळीस वर्षांत पाहिला नाही!

तीनशे माणसं. बँड होता, त्यातला तुतारीवाला बेसूर होता, पण मनापासून वाजवत होता. आपल्या स्वयंपाकघरात मी पहाटेपासून. तीच भट्टी, आईची. नव्या लोकांनी तिला काळा रंग फासलाय, मी रागावले, पण तापते अजून तशीच. पंधरा पेस्ट्या केल्या, पंधराही पीच्या.

पाटी उघडली. हॅल्व्हर्सन बाई वाचणार होत्या. मी म्हटलं, "द्या इकडे, मीच वाचते. मला वाचता येतं." आणि वाचली, लव्हडे, आईची आणि बाबांची नावं मोठ्याने, अगदी रस्त्यापर्यंत ऐकू जातील अशी. मग ती ओळ आली: "कैद्याचे खरे अक्षर जेलरची थोरली मुलगी केझाया हिने सांगितले." माझं नाव तिथे घालायला मीच लावलं. बाई नको म्हणत होत्या. मी म्हटलं, घालायचं. तिथेच थांबले आणि म्हणाले, "ती मी. माझी बहीण लव्हडे हिने कधीच काही सांगितलं नाही. पन्नास वर्षं गावाने तिला नावं ठेवली आणि मी ठेवू दिली. आज ते सगळ्यांनी खोडा."

तुतारीवाल्याने तुतारी खाली घेतली. पुढच्या खुर्चीत आईनो लाहती, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, एका कानाने बहिरा, त्या पंधरांतला एकटाच उरलेला. त्याने रूबीला विचारलं, "काय म्हणाली ती?"

रूबी त्याच्या कानात ओरडली, "आजी म्हणतेय, तेव्हा तीच बोलली होती!"

आईनो म्हणाला, "त्यात काय नवीन? तेव्हाही हीच बोलत होती, आजही हीच बोलतेय. पेस्टी कुठाय?"

अख्खा रस्ता हसला. मीही हसले, डोळे पुसत. आईनोला पहिली पेस्टी दिली. त्याने आधी कोपरा बघितला, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "चुलत बहीण."

घरी येताना रूबीने माझा हात धरला होता. म्हणाली, "आजी, लाज नाही वाटली?" वाटली ना. पण अगं, आपल्या घरचं आता कोणीच त्या भिंतीवर लपलेलं नाही. आई आहे, बाबा आहेत, मी आहे माझ्या जिभेसकट. आणि तू जिथे नव्हतीस तिथून तुझं नाव निघालं. एवढं काम मी जन्मात केलं नव्हतं.

सोळावी पेस्टी केली होती, ती यासोबत पाठवतेय. खाऊ नकोस, सॅक्रामेंटोला पोचेपर्यंत दगड होईल. फक्त कोपरा बघ. एल.

केझी


१३ जुलै १९६७

लव्हडे,

तुझा डबा आज पोचला. पोस्टमास्तर स्वतः घेऊन आले. रूबीने दोरी सोडली, कापूस बाजूला केला आणि म्हणाली, "अगं आजी, कोणीतरी वाळका पाव पाठवलाय. चिठ्ठीसुद्धा नाही. टाकू?"

मी असा आवाज काढला की ती दोन पावलं मागे गेली.

उजवीकडून खाल्लीस तू! दगडासारखी झाली असेल, तरी खाल्लीस. दातांच्या खुणा दिसतायत. आणि एल तसाच ठेवून धाडलास.

तो घेऊन मी तुरुंगात गेले, भर उन्हात, टोपीशिवाय. स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला, रूलने ठेवला होता तिथेच. हॅल्व्हर्सन बाई लगेच कार्ड आणि टाचणी घेऊन आल्या, त्यावर नंबर घालायला. मी म्हटलं, "बाई, ही वस्तू म्युझियमची नाही. हिची मालकीण यायचीय."

उंदरांसाठी रूबीने वर काचेचा पेला पालथा घातलाय.

तुझ्यासाठी करेन त्यात सलगम घालणार नाही. लहानपणी तू ते वेचून माझ्या ताटात टाकायचीस.

केझी